पेटीतील निगेटिव्ह : घरोघरी जतन करावयाची इतिहाससाधने

इतिहासाच्या अभ्यासात प्राथमिक साधन आणि दुय्यम साधन असा भेद शिकविला जातो. ज्या काळाविषयी लिहावयाचे त्याच काळात निर्माण झालेला कागद, शिलालेख, पत्र वा चित्र हे प्राथमिक साधन. त्यावरून पुढे कोणी लिहिलेला ग्रंथ हे दुय्यम साधन. राजघराण्यांची प्राथमिक साधने त्यांच्या दप्तरखान्यांत सापडतात, सरकारची पुराभिलेखागारात सापडतात. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या लेखणीपासून दूर ठेवले गेले, त्याची साधने मात्र बहुतांशी त्याच्या घरांतच आहेत. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला, तो आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना भेटून, त्यांच्या तोंडून ऐकून. अशाच घरांतील लोखंडी पेट्यांत आणखी एक साधन पडून आहे. ते म्हणजे जुन्या छायाचित्रांच्या निगेटिव्ह आणि स्लाइड.

या स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी मोठ्या आपुलकीने जुनी छायाचित्रे पाठविली. त्यांतील बहुतेक छायाचित्रे म्हणजे अल्बममधील प्रिंटचे मोबाइलने काढलेले फोटो होते. कुठे प्लास्टिकच्या पानाची चकाकी उतरली होती, तर कुठे फोटो काढणाऱ्याचीच सावली पडली होती. निगेटिव्हविषयी विचारणा केली असता ‘असतील माळ्यावर कुठेतरी’ किंवा ‘आता त्यांचा काय उपयोग?’ अशी उत्तरे आली. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणे आणि माळ्यावरची ती पाकिटे खाली उतरवून घरच्या घरी संगणकात कशी आणावीत हे सांगणे, हा या लेखाचा हेतू आहे.

प्रिंट ही निवड, निगेटिव्ह ही साक्ष

प्रिंट ही निगेटिव्हवरून काढलेली नक्कल असते. ती काढताना छायाचित्रकार कडा कापतो, काही भाग उजळतो, काही गडद करतो. मुळात कोणत्या फ्रेमची प्रिंट काढावयाची, हे बहुधा पैसे देणारा ठरवितो. त्यामुळे प्रिंटमध्ये त्या वेळच्या लोकांना जे जपण्यासारखे वाटले तेवढेच उतरते. निगेटिव्हमध्ये मात्र कॅमेऱ्याने पाहिलेले सर्व काही, ज्या क्रमाने पाहिले त्याच क्रमाने, टिकून असते.

एक उदाहरण देतो. आपल्या वसतिगृहाच्या एका जुन्या स्नेहसंमेलनाचे एकच छायाचित्र अल्बममध्ये आहे. व्यासपीठ, पाहुणे, हार, मागे तथागतांची व बाबासाहेबांची प्रतिमा, असे ते नेहमीचे छायाचित्र. त्याच कार्यक्रमाच्या निगेटिव्हची सहा फ्रेमची पट्टी हाती आली तेव्हा त्यात दोन फ्रेम व्यासपीठाच्या होत्या, दोन पंगतीत बसलेल्या मुलांच्या होत्या, एक हललेली होती आणि एक सभागृहामागच्या चुलीची होती. त्या चुलीपाशी तीन स्त्रिया भाकरी थापत बसलेल्या आहेत. अहवालांत पाहुण्यांची नावे आहेत, देणगीदारांची आहेत. शेकडो मुलांना जेवू घालणाऱ्या या स्त्रियांचा उल्लेख कोठेही नाही. त्या फ्रेमची प्रिंट कोणी काढलीच नव्हती. ती पट्टी रद्दीत गेली असती, तर त्या स्त्रिया त्या दिवशी तेथे होत्या याचा एकमेव दृश्य पुरावाही गेला असता.

हातात कोणती फिल्म आहे?

त्या काळी आपल्या वस्त्यांत कॅमेरा असलेले घर विरळाच. रेल्वेत, सैन्यात, टपाल खात्यात किंवा शिक्षकी पेशात असलेल्या एखाद्याने हौसेने कॅमेरा घेतलेला असे. बाकी सर्वांचा भरवसा तालुक्याच्या स्टुडिओवर. म्हणून घरात सापडणाऱ्या निगेटिव्ह साधारणतः पुढील प्रकारांत मोडतात.

सुमारे ६ सेंटिमीटर रुंदीची, कडेला छिद्रे नसलेली फिल्म ही ‘१२० ची फिल्म’ होय. आग्फा क्लिक-थ्रीसारख्या साध्या कॅमेऱ्यात तिच्यावर ६ × ६ सेंटिमीटरच्या १२ फ्रेम येत. ही फिल्म मोठी असल्यामुळे साध्या साधनांनीही तिच्यातून उत्तम तपशील मिळतो. दोन्ही कडांना छिद्रे असलेली अरुंद फिल्म ही ३५ मिलिमीटरची. तिची एक फ्रेम २४ × ३६ मिलिमीटरची असते आणि एका रोलमध्ये बहुधा ३६ फ्रेम असतात. दोन्ही प्रकारांत कृष्णधवल आणि रंगीत अशा फिल्म आढळतात. रंगीत निगेटिव्हचा पाया नारिंगी-तपकिरी दिसतो. कडेवर कंपनीचे नाव छापलेले असते. पूर्व जर्मनीची ‘ओर्वो’, आपल्या उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्स कारखान्याची ‘इंदू’, अशी नावे त्यावर वाचता येतात.

स्लाइड ही निगेटिव्ह नव्हे. तिच्यात चित्र सुलटे आणि खऱ्या रंगांत असते आणि ती ५ × ५ सेंटिमीटरच्या पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या चौकटीत बसविलेली असते. एखाद्या जुन्या स्टुडिओकडून काचेची निगेटिव्हही मिळू शकते. ती एकावर एक न रचता, मऊ कापडात गुंडाळून उभी ठेवावी.

एक सावधगिरीची गोष्ट. १९५० च्या आधीच्या काही फिल्म सेल्युलोज नायट्रेटच्या असतात आणि त्या अतिशय ज्वालाग्राही असतात. कडेवर इंग्रजीत ‘सेफ्टी’ असे छापलेले असेल, तर ती फिल्म त्या प्रकारची नव्हे. शंका असल्यास अशी फिल्म उष्णतेपासून दूर, हवा खेळती राहील अशी वेगळी ठेवावी आणि जाणकाराचा सल्ला घ्यावा.

फिल्म कशी नष्ट होते?

फिल्मचे दोन थर असतात. खालचा पारदर्शक पाया आणि त्यावरचा जिलेटीनचा पातळ थर. कृष्णधवल फिल्ममध्ये या जिलेटीनमध्ये चांदीचे सूक्ष्म कण असतात, रंगीत फिल्ममध्ये रंगद्रव्ये असतात. हे दोन्ही थर वेगवेगळ्या कारणांनी मरतात.

जुन्या फिल्मचा पाया सेल्युलोज ॲसिटेटचा असतो. उष्णता आणि दमटपणा यांमुळे त्याचे विघटन होऊन ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधले आम्ल, बाहेर पडते. पाकीट उघडताच आंबूस वास आला, तर हा रोग सुरू झाला आहे असे समजावे. पुढे फिल्म आक्रसते, वाकते, ठिसूळ होते आणि वरचा थर सुरकुतून सुटू लागतो. हे आम्ल स्वतःच विघटनाचा वेग वाढविते आणि शेजारच्या निरोगी फिल्मलाही लागण करते. या रोगाची पहिली तक्रार कोडॅक कंपनीकडे भारत सरकारकडून गेली होती, ही बाब आपण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. येथील उष्ण व दमट हवेत ठेवलेल्या फिल्म काही वर्षांतच खराब झाल्या होत्या. अभ्यासकांच्या अनुमानानुसार २१ अंश सेल्सिअस तापमान व ५० टक्के आर्द्रता असताना अशी ताजी फिल्म सुमारे ४० वर्षांत या रोगाच्या उंबरठ्यावर येते. विदर्भ-मराठवाड्यातील पत्र्याखालचा माळा किंवा कोकणातील पावसाळा डोळ्यांसमोर आणला, तर आपल्या फिल्मना तेवढाही अवधी मिळत नाही हे उघड आहे.

जिलेटीन हे जनावरांच्या हाडाकातड्यापासून बनते. बुरशीला ते खाद्यच. बुरशी लागलेल्या निगेटिव्हवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके डाग दिसतात. अशा ठिकाणचे जिलेटीन पाण्यात विरघळू लागते, म्हणून ती पाण्याने धुण्याचा मोह टाळावा. डाग धुऊन निघतील, पण त्यांच्याबरोबर चेहराही निघून जाईल. रंगीत फिल्मचे दुखणे तिसरेच. तिच्यातील तिन्ही रंगद्रव्ये सारख्या वेगाने फिकी होत नाहीत, म्हणून जुन्या स्लाइड तांबूस किंवा जांभळट दिसू लागतात.

पाकीट उघडताना

घाई न करता एका वेळी एकच पाकीट उघडावे. पाकिटावर स्टुडिओचे नाव, पावती क्रमांक, तारीख किंवा पेन्सिलीने केलेली खूण असेल, तर आधी त्या पाकिटाचाच फोटो काढावा, कारण पुढे तोच काळ ठरविण्याचा धागा ठरतो. पट्ट्यांचा क्रम मोडू नये आणि सोय म्हणून पट्ट्या कापून सुट्या करू नयेत.

हात धुऊन, पूर्ण कोरडे करून फिल्म केवळ कडांनी धरावी. धूळ काढण्यासाठी हाताने दाबण्याचा रबरी फुगा, म्हणजे कॅमेऱ्याच्या दुकानात मिळणारा ब्लोअर, आणि मऊ केसांचा ब्रश एवढेच वापरावे. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे कण कायमचा डाग ठेवतात. साडीच्या पदराने किंवा रुमालाने पुसणे तर पूर्ण वर्ज्य.

फिल्मची एक बाजू चकचकीत असते, दुसरी मंद. मंद बाजूला चित्राचा थर असतो. जुन्या स्टुडिओच्या निगेटिव्हवर या बाजूस पेन्सिलीच्या बारीक रेघा किंवा लालसर रंग दिसला, तर ती घाण समजू नये. चेहऱ्यावरचे डाग सौम्य करण्यासाठी त्या काळचे कारागीर निगेटिव्हवर हाताने असे काम करीत असत. तोही इतिहासच आहे. चिकटलेल्या फिल्म ओढून सोडवू नयेत, त्या बाजूला ठेवून जाणकाराकडे न्याव्यात.

संगणकात आणण्याचे तीन मार्ग

पहिला मार्ग शहरातील फोटो लॅबचा. निगेटिव्ह थोड्या असतील आणि खर्च परवडत असेल, तर हा मार्ग सोपा आहे. मात्र दर फ्रेममागे किती ते आधी ठरवावे, मूळ फिल्म त्याच क्रमाने परत मिळेल याची खात्री करून घ्यावी आणि सर्व ठेवा एकदम न देता थोडा थोडा द्यावा.

दुसरा मार्ग स्कॅनरचा. येथे अनेकांचा गैरसमज होतो. कार्यालयातील साधा स्कॅनर कागदावरून परतणारा प्रकाश टिपतो. निगेटिव्हसाठी प्रकाश फिल्मच्या आरपार जावा लागतो. म्हणून झाकणातही दिवा असलेला आणि फिल्म धरण्याच्या चौकटी सोबत असलेला स्कॅनरच लागतो. असा एक स्कॅनर चार-पाच घरांनी किंवा एखाद्या बुद्ध विहाराने मिळून घेतला, तर संपूर्ण वस्तीचे काम होऊ शकते.

स्कॅनरवर ३५ मिलिमीटरच्या फिल्मसाठी २४०० डीपीआय आणि १२० च्या फिल्मसाठी १२०० ते २४०० डीपीआय ठेवावे. २४०० डीपीआयवर ३५ मिलिमीटरच्या एका फ्रेमचे चित्र सुमारे ३४०० × २२७० बिंदूंचे होते, म्हणजे जवळजवळ ८ मेगापिक्सेल. कृष्णधवल असल्यास १६ बिटची फाइल साधारण १५ एमबी भरते. एक हजार फ्रेमना सुमारे १५ जीबी जागा पुरते. जाहिरातीतील फुगलेल्या आकड्यांमागे जाण्याचे कारण नाही, कारण एका मर्यादेनंतर फाइल फुगते, तपशील वाढत नाही. स्कॅनरमधील अवरक्त किरणांनी धूळ ओळखणारी सोय रंगीत फिल्मसाठी चांगली. कृष्णधवल फिल्मसाठी ती बंद ठेवावी. चांदीचे कण त्या किरणांना अडवितात आणि यंत्र चित्रालाच धूळ समजते.

तिसरा मार्ग कॅमेऱ्याचा किंवा मोबाइलचा. बहुतेक घरांना शक्य असलेला हाच मार्ग असल्यामुळे तो सविस्तर सांगतो.

प्रथम मागून येणारा सम प्रकाश हवा. चित्रे गिरविण्यासाठी मुले वापरतात तो एलईडी ट्रेसिंग पॅड यासाठी उत्तम. तो नसल्यास टॅब किंवा दुसऱ्या मोबाइलचा पडदा पूर्ण पांढरा व पूर्ण उजळ करून वापरता येतो. मात्र फिल्म थेट पडद्यावर ठेवल्यास पडद्याचे ठिपके चित्रात उतरतात, म्हणून मध्ये दुधी ॲक्रिलिकचा तुकडा ठेवून फिल्म पडद्यापासून दोन-तीन सेंटिमीटर वर उचलावी.

फिल्म सपाट राहावी यासाठी काळ्या कार्डपेपरचे दोन तुकडे घ्यावेत. दोहोंत फ्रेमच्या आकारापेक्षा किंचित मोठी खिडकी कापावी आणि त्यांच्या मध्ये फिल्म सरकवावी. किंचित मोठी यासाठी की फ्रेमभोवतीची मोकळी कडाही चित्रात यावी; पुढे रंग दुरुस्त करताना ती उपयोगी पडते. प्रकाशपटाचा उरलेला भागही काळ्या कागदाने झाकावा, नाहीतर बाजूचा उजेड चित्र फिके करतो.

काम रात्री, खोलीतील दिवे मालवून करावे, म्हणजे चकचकीत फिल्मवर प्रतिबिंब पडत नाही. पंखा बंद ठेवावा. पुस्तकांच्या दोन समान उंचीच्या थप्प्या रचून, मधल्या फटीवर भिंग येईल अशा रीतीने मोबाइल आडवा ठेवला, तर वेगळा स्टँड लागत नाही. मोबाइल आणि फिल्म एकमेकांस अगदी समांतर असावेत. याची साधी कसोटी म्हणजे फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवावा. पडद्याच्या बरोबर मध्यभागी भिंगाचे स्वतःचेच प्रतिबिंब दिसले, की मांडणी बरोबर आहे.

मोबाइल फार जवळ नेल्यास फोकस होत नाही. थोडे अंतर ठेवून फोटो काढावा आणि कडा नंतर कातराव्यात. फ्लॅश, सौंदर्य वाढविणारे फिल्टर आणि एचडीआर बंद करावेत. पडद्यावर बोट दाबून फोकस स्थिर करावा आणि तीन सेकंदांचा टायमर लावून हात बाजूला घ्यावा. मोबाइलमध्ये ‘रॉ’ स्वरूपात फोटो काढण्याची सोय असेल, तर ती जरूर वापरावी. कोणाकडे लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणि मॅक्रो लेन्स असेल, तर निकाल कित्येक पटींनी सरस येतो. त्यात आयएसओ १००, छिद्र एफ-८, स्वरूप रॉ आणि टायमर, एवढे ठरवून सर्व फ्रेमना तेच कायम ठेवावे. हात बसला, की एका फ्रेमला दोन-तीन मिनिटे लागतात; ३६ फ्रेमचा रोल दीड-दोन तासांत होतो.

उलट्याचे सुलटे

निगेटिव्हचे सुलटे चित्र करण्यासाठी संगणकावर ‘गिंप’ हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यातील ‘कलर्स’ मेनूत ‘इन्व्हर्ट’ ही आज्ञा दिली, की काळ्याचे पांढरे व पांढऱ्याचे काळे होते. कृष्णधवल चित्राचे रंग आधी काढून टाकावेत आणि ‘लेव्हल्स’मध्ये सर्वांत गडद व सर्वांत उजळ टोके जुळवावीत. रंगीत निगेटिव्ह उलटली, की नारिंगी पायामुळे सर्व चित्र निळसर दिसते. अशा वेळी ‘लेव्हल्स’मध्ये लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींची टोके वेगवेगळी जुळवावी लागतात. ‘डार्कटेबल’ या दुसऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘नेगाडॉक्टर’ नावाची खास सोय आहे. फ्रेमभोवतीची मोकळी कडा तिला दाखविली, की नारिंगी रंगाचा हिशेब ती स्वतः करते. स्लाइडला यांतले काहीच लागत नाही.

चित्र आरशातल्यासारखे उलटे तर आले नाही ना, हे तपासावे. फिल्मची चकचकीत बाजू कॅमेऱ्याकडे असेल, तर डावे-उजवे बरोबर येते. तरीही खात्री हवी असल्यास चित्रातील फलक वाचावा, सदऱ्याचा खिसा डावीकडे आहे का ते पाहावे. मागे बाबासाहेबांचा पुतळा असेल, तर प्रश्नच मिटला. उंचावलेला हात उजवा आणि संविधान डाव्या हाती, ही आपल्या लहान मुलांनाही पाठ असलेली खूण आहे.

येथे एक इशारा देणे आवश्यक वाटते. अंधूक चेहरा ‘स्पष्ट’ करून देणारी, कृष्णधवल चित्र रंगीत करणारी ॲप आता प्रत्येकाच्या हाती आहेत. ही ॲप निगेटिव्हमध्ये नसलेला तपशील अंदाजाने भरतात. त्यांनी दिलेले डोळे आपल्या आजोबांचे नसतात, हजारो परक्या चेहऱ्यांवरून रचलेले असतात. भिंतीवर लावण्यासाठी अशी प्रत कोणास हवी असेल, तर ती वेगळी करावी आणि तिच्यावर तसे लिहावे. मूळ स्कॅनला हात लावू नये. साधनात फेरफार करून त्यालाच साधन म्हणणे हे इतिहासाशी अप्रामाणिक आहे, आणि ज्यांच्या इतिहासात इतरांनी पुष्कळ फेरफार केले त्यांनी तरी ते करू नये.

नावे लिहिल्याशिवाय काम पूर्ण नाही

आतापर्यंत सांगितले ते यंत्राचे काम झाले. खरे काम यानंतर सुरू होते. फिल्म आणखी दहा वर्षे तग धरील, पण तिच्यातील माणसे ओळखणारे डोळे तेवढा काळ थांबतीलच असे नाही. ज्या चित्रातील एकाही माणसाचे नाव माहीत नाही, ते चित्र कितीही स्वच्छ असले तरी मुके आहे. म्हणून चित्रे तयार होताच मोठ्या पडद्यावर घरातील आजी-आजोबांना, जुन्या शिक्षकांना, शेजाऱ्यांना दाखवावीत आणि त्यांचे बोलणे त्यांच्या संमतीने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. घाई करू नये. एका बैठकीत वीस-पंचवीस चित्रे पुष्कळ झाली.

प्रत्येक चित्रासाठी वहीत किंवा संगणकाच्या तक्त्यात या गोष्टी नोंदवाव्यात : डावीकडून उजवीकडे नावे, प्रसंग, ठिकाण, वर्ष, छायाचित्रकार, मूळ निगेटिव्ह कोणाच्या घरची, आणि ही माहिती कोणी कोणत्या तारखेस दिली. शिवाय प्रत्येक माहितीपुढे ‘निश्चित’, ‘ऐकीव’ किंवा ‘अंदाज’ यांपैकी एक शब्द लिहावा. हा एक शब्द पुढच्या अभ्यासकाचे फार मोठे काम करतो.

वर्ष ठरविताना चित्राचाच आधार घ्यावा. वाहनाचा क्रमांक ‘एमएच’ने सुरू होत असेल, तर चित्र १९८९ च्या आधीचे नाही. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या कमानीवर बाबासाहेबांचे नाव असेल, तर ते १४ जानेवारी १९९४ च्या नामविस्तारानंतरचे. स्लाइडच्या पुठ्ठ्यावर महिना व वर्ष छापलेले असेल, तर ती फिल्म धुतल्याची तारीख होय. फोटो त्याआधी कधीही काढलेला असू शकतो. ‘दीक्षेच्या वेळचा फोटो’ असे घरात सांगितले जाते, तेव्हा तो १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा की नंतर गावोगावी झालेल्या दीक्षा समारंभांपैकी एखाद्याचा, हे नम्रपणे पण नेमके विचारावे. दुसरा निघाला, तर मोल कमी होत नाही. नागपूरची छायाचित्रे अनेक ठिकाणी आहेत. आपल्या गावच्या समारंभाचे चित्र कदाचित आपल्याच पेटीत आहे.

वर उल्लेखिलेल्या चुलीपाशी बसलेल्या तीन स्त्रियांपैकी दोघींची नावे आपल्या माजी विद्यार्थ्यांनी ओळखून सांगितली. तिसरीच्या नावाची जागा वहीत अद्याप रिकामी आहे. त्या वेळच्या विद्यार्थ्यांपैकी कोणाला ती भरता आली, तर या लेखाचे सार्थक होईल.

ठेवा कसा सांभाळावा?

मूळ स्कॅन ‘टिफ’ स्वरूपात ठेवावा. रॉमध्ये फोटो काढला असेल, तर ती फाइलही जपावी. इतरांना पाठविण्यासाठी वेगळी ‘जेपेग’ प्रत करावी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठविलेले चित्र आकुंचित होते आणि त्यातील तपशील कायमचा जातो, म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग घराचे आडनाव, मग पट्टीचा व फ्रेमचा क्रमांक असा क्रम ठेवावा, उदाहरणार्थ, १९७८-कांबळे-०४-११. संगणकावर हे नाव रोमन अक्षरांत व अंकांत दिल्यास पुढे अडचण येत नाही.

प्रती तीन असाव्यात : एक संगणकात, दुसरी बाहेरील हार्ड डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे. घराला आग लागली किंवा पुराचे पाणी शिरले, तरी ठेवा वाचतो. एकट्या पेन ड्राइव्हवर विसंबून राहू नये. वर्षातून एकदा, समजा १४ एप्रिलच्या आसपास, सर्व फाइल उघडतात की नाही हे पाहून घ्यावे.

सर्व काही संगणकात आले, म्हणून मूळ निगेटिव्ह टाकून देऊ नये. उद्या याहून चांगले यंत्र येईल, तेव्हा पुन्हा मुळाकडेच जावे लागेल. निगेटिव्ह आम्लरहित कागदाच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात ठेवाव्यात. पीव्हीसीची पाने, वर्तमानपत्र, रबरबँड आणि डांबरगोळ्या यांपासून त्या दूर असाव्यात. आंबूस वास येणाऱ्या पट्ट्या वेगळ्या ठेवाव्यात. माळा आणि बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट या दोन जागा टाळून आतल्या खोलीतील कपाटाचा मधला कप्पा निवडावा आणि पावसाळ्यात सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात.

चित्रे सर्वांपुढे मांडताना संमतीचा विचार व्हावा. वसतिगृहातील मुलींची, घरगुती प्रसंगांची, दुःखाची चित्रे जतन जरूर करावीत. ती समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी मात्र चित्रातील व्यक्तींना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारावे.

आणखी एका ठिकाणाकडे लक्ष वेधतो. तालुक्याच्या गावांतील जुने स्टुडिओ एकामागून एक बंद होत आहेत. निगेटिव्हमधील चांदी काढण्यासाठी त्यांचे ढीग किलोच्या भावाने विकले जातात. आपल्या मोर्च्यांची, जयंत्यांची, लग्नांची आणि शाळेच्या गटछायाचित्रांची मूळ निगेटिव्ह कित्येकदा घरी आलीच नाही, ती त्या दुकानातच राहिली. दुकानदाराला किंवा त्याच्या मुलाला भेटून ‘आमच्या गावची पाकिटे आहेत का?’ एवढे विचारण्यास काहीच लागत नाही. रद्दीवाल्याच्या आधी आपण पोहोचलो पाहिजे.

आरंभ मोठा करण्याची गरज नाही. येत्या रविवारी एक पाकीट, एक काळा कार्डपेपर, पुस्तकांच्या दोन थप्प्या आणि शेजारी बसलेले घरातील एक वडीलधारे माणूस एवढे पुरेसे आहे. त्यांनी पहिले नाव उच्चारले, की ते आधी लिहून घ्यावे आणि मगच पुढची फ्रेम सरकवावी.